पाच सॉफ्टवेअर आहेत, एकाचा दुसऱ्याशी मेळ नाही. एंटरप्राइज आर्किटेक्चरने खरंच काही होतं का?

होतं. एंटरप्राइज आर्किटेक्चर म्हणजे धंद्याचं काम, त्यातली माहिती आणि सॉफ्टवेअर यांचा एकत्र आराखडा. पण तुम्ही टूलपासून सुरुवात करताय तिथंच चुकतंय. काटा (वजन), स्टोरेज, विक्री, टॅली (हिशेब) आणि पगार अशी पाच सॉफ्टवेअर आहेत, ती जोडायला काय घ्यावं असं विचारलंय. ते सगळ्यात शेवटी बघा.

मी सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचं कॉम्प्युटरचं बघायचो. आमच्याकडं काट्यावर शेतकऱ्याचं नाव 'पाटील तासगाव', स्टोरेजच्या पावतीवर नुसतं आडनाव आणि टॅलीत त्यांच्या भावाचं खातं. आता तासगावात पाटील किती ते तुम्हीच मोजा. सौदा व्हायचा आणि पट्टी, म्हणजे शेतकऱ्याच्या पैशांचा हिशेबाचा कागद, अडकायची. त्यावर आम्ही काय केलं, तर प्रत्येक दोन सॉफ्टवेअरमध्ये थेट जोडणी टाकत सुटलो. पाचांच्या अशा १० जोड्या होतात, सहावं आलं की १५, आणि काटावाल्याने एक रकाना बदलला की तिसरीकडंच काहीतरी बंद.

मग एक दिवस सगळं थांबवून मोठ्या कागदावर काम मांडलं. गाडी आली, वजन, लॉट, सौदा, पट्टी, बिल. प्रत्येकासमोर दोनच गोष्टी, ही माहिती कुठं लिहायची आणि कोण फक्त वाचणार. यावर तीन दिवस भांडणं झाली, पण खरं आर्किटेक्चर तेच. शेवटी ठरलं की शेतकऱ्याचा कोड फक्त आवक खिडकीवर तयार होणार आणि व्यापाऱ्याचा जीएसटी नंबर, पत्ता फक्त अकाउंट्सवाले बदलणार. दुसरं फार महत्त्वाचं, कारण ऑगस्ट २०२३ पासून ५ कोटींच्या वर उलाढाल असली की ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, लागतं आणि पिनकोड राज्याशी जुळला नाही तर पोर्टल बिल घेतच नाही.

पुस्तकी भाग म्हणाल तर असा आराखडा करायच्या ठरलेल्या पद्धती आहेत, झॅकमनची चौकट १९८७ची, टोगॅफ १९९५चं. टोगॅफ सगळं वाचायच्या भानगडीत पडू नका, त्यातला क्रम तेवढा उचला: आधी धंदा, मग डेटा आणि सॉफ्टवेअर, मग टेक्नॉलॉजी.

जोडणी त्यानंतर. मध्ये एकच सर्व्हिस ठेवली, ज्यांना एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरशी थेट माहितीची देवाणघेवाण करायची सोय, होतं ते तिच्याशी बोलायचे. काट्याचं सॉफ्टवेअर जुनं, त्याला एपीआय नाही, ते दर दहा मिनिटांनी एका फोल्डरात सीएसव्ही (साध्या रकान्यांची फाइल) टाकायचं आणि चालायचं की मस्त. पगाराचं मुद्दाम जोडलंच नाही, महिन्यातनं एकदा एक्सेल चढवायचो.