छातीत पाणी झालं असेल, तर डॉक्टरांना जुनं काम सांगा

प्रश्न (लालबाग): वडील 74 वर्षांचे आहेत. 1982च्या संपापर्यंत अकरा वर्षं गिरणीत, बॉयलर खात्यात होते. गेल्या वर्षी छातीत उजवीकडे पाणी झालं. टीबी समजून सहा महिने गोळ्या दिल्या, पण पाणी पुन्हा भरतं. दम लागतो, बरगडीत दुखतं. एका डॉक्टरांनी मेसोथेलिओमाची शंका काढली. गिरणी सुटून चाळीस वर्षं झाली, मग आता हे कसं?

उत्तर: इतकी वर्षं उलटल्यामुळेच ही शंका घ्यायला हवी. ॲस्बेस्टॉस म्हणजे उष्णता अडवणारं तंतुमय खनिज. त्याचे बारीक तंतू श्वासातून आत जातात, फुफ्फुसाभोवतीच्या आवरणापर्यंत पोचतात, आणि शरीराला ते पूर्णपणे बाहेर टाकता येत नाहीत. त्या आवरणाचा कर्करोग, म्हणजेच मेसोथेलिओमा, दिसायला साधारण 20 ते 50 वर्षं लागतात. जुन्या बॉयलरचं आणि वाफेच्या पाइपांचं लॅगिंग (उष्णता राखणारं वेष्टन), गास्केट, भट्टीच्या दाराची दोरी, या सगळ्यांत ॲस्बेस्टॉस सर्रास वापरलं जाई. लॅगिंग फोडून काढायचं काम वडिलांकडे होतं का, तेव्हा धूळ किती उडायची, हे त्यांच्याजवळ बसून विचारा आणि कागदावर लिहून काढा.

आधी टीबीची औषधं दिली यात डॉक्टरांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्याकडे छातीत पाणी होण्याचं टीबी हे फार मोठं कारण आहे. पण कोर्स पुरा होऊनही पाणी भरत असेल, तर गोळ्यांची मुदत वाढवत बसू नका. सीटी स्कॅन करून घ्या आणि दुर्बिणीतून आवरणाचा तुकडा काढून तपासण्याबद्दल विचारा. सुईने काढलेल्या पाण्यात ‘कर्करोगाच्या पेशी नाहीत’ असा रिपोर्ट आला, तरी मेसोथेलिओमा नाही असं ठरत नाही. तुकड्यावरही खास रंगतपासण्या कराव्या लागतात. परळला केईएम आणि टाटा मेमोरियल तुमच्या जवळच आहेत. जाताना जुने एक्स-रे आणि तो कागद न्या. केसपेपरवर धंद्यापुढे ‘निवृत्त’ एवढंच लिहून मोकळं होतात, याची मला चीड येते. तिथे ‘गिरणी, बॉयलर खातं, 11 वर्षं’ असं लिहायला लावा.

निदान पक्कं झालं, तर आजार पूर्ण बरा होण्याची आशा फार थोडी असते, हे तुमच्यापासून लपवत नाही. पेमेट्रेक्सेड आणि सिस्प्लॅटिन या औषधांची केमो किंवा इम्युनोथेरपी (शरीराची प्रतिकारशक्ती जागवणारे उपचार) काही रुग्णांचे महिने वाढवते. पाणी पुन्हा साचू नये यासाठी आणि वेदनेसाठी चांगले उपाय आहेत. ते पहिल्या दिवसापासून मागा.

प्रश्न (मुलुंड): सासरे ॲस्बेस्टॉस-सिमेंटच्या पत्र्यांच्या कारखान्यात होते. त्यांचे धुळीने माखलेले कपडे मी वर्षानुवर्षं झटकून धुतले. मलाही धोका आहे का?

उत्तर: आहे, पण प्रत्यक्ष कारखान्यात राबणाऱ्यांपेक्षा कमी. 1960 साली दक्षिण आफ्रिकेत वॅग्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेसोथेलिओमाच्या 33 रुग्णांची नोंद मांडली. त्यांत ॲस्बेस्टॉसच्या खाणीच्या परिसरात नुसती राहणारी माणसंही होती. पुढे 1965 साली लंडनच्या पाहणीत कामगारांच्या घरच्यांनाही हा आजार झालेला आढळला. म्हणजे तुमची शंका अगदी रास्त आहे. तरीही अशा घरांतल्या बहुतेकांना तो कधीच होत नाही. त्रास नसताना दरवर्षी सीटी काढून हा आजार वेळेत सापडतो, असं सिद्ध झालेलं नाही, तेव्हा तो खर्च करू नका. मात्र दम लागायला लागला, छातीत एकाच बाजूला दुखत राहिलं किंवा कारण नसताना वजन उतरलं, तर डॉक्टरांना कपड्यांची ही गोष्ट आधी सांगा.

प्रश्न (कुर्ला): गॅरेजमध्ये ब्रेक लायनर बदलतो. बिडी ओढतो. मित्र म्हणतो, धूळ गेलीच आहे, आता बिडी सोडून काय होणार?

उत्तर: खूप काही होणार. ब्रेक लायनरच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं. बिडीने मेसोथेलिओमाचा धोका वाढत नाही, पण ॲस्बेस्टॉस आणि धूम्रपान एकत्र आले की फुफ्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो. बिडी आजच सोडा. ड्रममधली धूळ हवेच्या पाइपने उडवू नका, ओल्या फडक्याने पुसा. तोंडाला बांधलेला रुमाल हे तंतू अडवत नाही.

प्रश्न (भांडुप): खोलीवर पंचवीस वर्षांपूर्वीचे सिमेंटचे पत्रे आहेत. काढून टाकावेत का?

उत्तर: त्यांत ॲस्बेस्टॉस आहे असंच धरून चाला. भारतात पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर आजही बंदी नाही, आणि माझ्या मते ती कधीच यायला हवी होती. पत्रा धड असेल तर घाईने हलवू नका. धोका तो फोडताना, कापताना, भोक पाडताना असतो. बदलायचाच असेल तर आधी पाण्याने भिजवा, नटबोल्ट सोडवून अख्खा उतरवा, कटर लावू नका. काम करणाऱ्याला बारीक धूळ अडवणारा, एफएफपी3 दर्जाचा मास्क द्या. मुलांना त्या दिवशी दुसरीकडे पाठवा आणि नंतर कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसून घ्या.

प्रश्न (माझगाव): भाऊ जहाजदुरुस्तीच्या कामावर होते. मेसोथेलिओमाचं निदान झालंय. कंपनी कधीच बंद झाली. भरपाई मिळेल?

उत्तर: प्रयत्न जरूर करा. ॲस्बेस्टॉसमुळे झालेला मेसोथेलिओमा कायद्याच्या व्यावसायिक आजारांच्या यादीत आहे. भाऊ कामावर असताना ईएसआयचे (कामगार राज्य विमा योजनेचे) विमाधारक असतील, तर दावा मालकावर नाही, ईएसआय महामंडळाकडे करायचा. 1995 साली सर्वोच्च न्यायालयाने ॲस्बेस्टॉस उद्योगांना आदेश दिला होता की कामगारांच्या आरोग्याची नोंद नोकरी लागल्यापासून 40 वर्षं किंवा नोकरी सुटल्यावर 15 वर्षं, यांतला जो काळ उशिरा संपेल तोवर जपायची. बंद कंपनीकडून कागद मिळणं अवघड, म्हणून हजेरी कार्ड, पगारपट्टी, पीएफची पावती, ईएसआय कार्ड जे सापडेल ते गोळा करा. सोबत काम केलेल्या दोघातिघांचे जबाब घ्या. तेही आता म्हातारे झाले असतील, म्हणून हे काम आधी करा. दाव्याला मुदत असते. ती उलटली असेल, तर उशिराचं कारण दाखवून माफीचा अर्ज करता येतो. युनियनच्या किंवा कामगार कायदा जाणणाऱ्या वकिलांना या आठवड्यातच भेटा, आणि बायोप्सीचा (तुकड्याच्या तपासणीचा) मूळ रिपोर्ट कोणाच्याही हाती देण्याआधी त्याच्या प्रती काढून ठेवा.