सुरगाण्याच्या मुलानं दुरुस्त केलेला शब्द

पंचवटी, नाशिक

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

आदिवासी समाज आणि संस्कृती हाच विषय विद्यापीठात शिकवायचा, असं तू ठरवलंयस. पत्र वाचून फार बरं वाटलं.

पात्रतेचं आधी सांगून टाकते. एम.ए.ला ५५ टक्के, राखीव प्रवर्गांना ५० आणि त्यावर नेट किंवा सेट ही प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. २०२३ पासून सहायक प्राध्यापकपदासाठी पीएच.डी.ची सक्ती नाही, तरी तू करच. मधली काही वर्षं तासिका तत्त्वावर जातील, मानधन रखडेल. घरच्यांना हे आत्ताच सांगून ठेव.

आता खरं सांगायचं ते. इथं आपला विषय समोरच्या बाकावर बसलेला असतो. पेठ, सुरगाणा, हरसूलकडून कोकणा, महादेव कोळी, वारली, भिल्ल मुलं नाशिकला शिकायला येतात. मी नवी होते तेव्हा बोहाडा, म्हणजे मुखवटे घालून देवादिकांची सोंगं नाचवायचा गावचा उत्सव, शिकवत होते. मुखवटे, सोंगं, संबळ असं सगळं सांगून फळ्यावर लिहिलं, ‘लोकनाट्य’. तास संपल्यावर सुरगाण्याचा एक मुलगा थांबला. म्हणाला, “बाई, आमच्याकडं ते नाटक नसतं. माझ्या बापानं नवस फेडायला सोंग घेतलं होतं. आधी मुखवट्याची पूजा होते.”

रात्रभर ते डोक्यात राहिलं. दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं, कालचा माझा शब्द अपुरा होता, आता हा सांगेल. तो वीस मिनिटं बोलला. त्या वीस मिनिटांनी मला शिक्षक केलं, असं मी मनापासून मानते. पुढं त्याच्या गावी गेले, कोकणा बोली शिकू लागले. लेख झाला तेव्हा छापायला देण्याआधी तिथं ओसरीवर वाचून दाखवला. म्हाताऱ्यांनी तीन जागा दुरुस्त केल्या. तूही हे कर. लोकांकडून घेतलेलं आधी लोकांना ऐकवायचं, मग नियतकालिकाला पाठवायचं.

काळाराम मंदिराचा सत्याग्रह शिकवतानाही तसंच. २ मार्च १९३० ही तारीख मुलांना पाठ असते. लढा १९३५ पर्यंत चालला, हे पुष्कळांना नसतं ठाऊक. त्यांना म्हण, घरी आजीला विचारून या. कुणाचा पणजोबा त्यात असेलही.

पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं संग्रहालय सवडीनं बघ. आणि होळीनंतर इकडं ये, बोहाड्याला बरोबर जाऊ. पहिल्या खेपेला कॅमेरा मात्र घरीच ठेव.

तुझी,
बाई