ख्रिस्ती धर्मात श्रीमंत होणं पाप मानतात का? आणि कमाईचा दहावा हिस्सा चर्चला द्यावाच लागतो का?

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की ऑफिसातला तुमचा ख्रिस्ती सहकारी पगार झाला की आधी दहा टक्के बाजूला काढतो, मोबाईलवर दिसणारा एक प्रचारक मात्र महागड्या गाडीतून उतरून 'देव तुम्हाला धनवान करील' म्हणतो. यातलं खरं ख्रिस्ती कोणतं, असं तुम्ही विचारताय. मी जालना जिल्ह्यात खत-बियाण्याचं दुकान चालवतो आणि आमच्या मंडळीचा, म्हणजे इथल्या चर्चच्या सभासदांच्या समूहाचा, खजिनदार आहे. पाळक म्हणजे धर्मगुरू नाही, धर्मपंडित तर नाहीच. रविवारची दानाची थैली रिकामी करून नोटा मोजणारा माणूस समजा.

पाप मानत नाहीत. येशूला पुरायला कबर दिली ती अरिमथाईच्या योसेफाने, आणि तो धनवान होता असं येशूचं चरित्र लिहिणारा मत्तय सरळ लिहितो. येशूबरोबर फिरणाऱ्या बायकांत योहान्ना होती, हेरोदाच्या कारभाऱ्याची बायको. तिच्यासारख्या बायका पदरच्या पैशाने सगळ्यांचा खर्च चालवत होत्या. येशूचा प्रेषित पौल याच्या पत्रात सगळ्या वाइटाचं मूळ म्हटलंय ते द्रव्याच्या लोभाला, द्रव्याला नव्हे.

पण म्हणून श्रीमंतांनी निर्धास्त व्हावं असंही नाही. 'श्रीमंत माणूस देवाच्या राज्यात जाण्यापेक्षा उंट सुईच्या नाकातून जाणं सोपं' हे येशूचं वाक्य तुम्ही ऐकलं असेल. यावर बऱ्याच उपदेशांत एक गोष्ट सांगतात: यरुशलेमेत 'सुईचं नाक' नावाचा एक बुटका दरवाजा होता, उंटाच्या पाठीवरचं ओझं काढलं आणि त्याला गुडघ्यावर बसवलं की तो सरकत आत जायचा. असा दरवाजा होता याला पुरावा नाही. पैसेवाल्या माणसाला पहिल्या बाकावर बसवून ठेवायला सोयीची गोष्ट आहे, एवढंच. दरवाजा असता तर शिष्य एवढे दचकून 'मग तारण होणार तरी कोणाचं?' असं विचारलंच नसतं.

हे वाक्य मराठवाड्यात ऐकताना एक गंमत होते. आमच्याकडचे बहुतेक ख्रिस्ती मांग-महार समाजातून आलेले. पणजोबाच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती, जे काही मिळायचं ते बलुत्याचं. नारायण शेषाद्री हे 1843 साली मुंबईत ख्रिस्ती झालेले ब्राह्मण. पुढे त्यांनी जालन्याजवळ बेथेल ही वस्ती वसवली, तीसुद्धा निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जमीन दिली म्हणून. अशा लोकांना 'आपलं सगळं विकून गरिबांना दे' हे येशूचं वचन वाचून दाखवायचं, तर विकायला आहे काय? माझी आजी म्हणायची, हे वचन आपल्याला नाही, पाटलाला लिहिलंय. आता आमच्यातही नोकरदार आहेत, प्लॉट घेणारे आहेत, दुकानदार तर मीच आहे, त्यामुळे आजीचा युक्तिवाद मला वापरता येत नाही.

आता दहा टक्क्यांचं. याला दशमांश म्हणतात. तो जुन्या करारातला, म्हणजे बायबलच्या पहिल्या भागातला नियम, आणि मलाखीच्या पुस्तकातलं 'सगळा दशमांश माझ्या भांडारात आणा' हे वचन वर्षातून दोनदा तरी व्यासपीठावरून येतं. येशूपासून पुढच्या भागात, नव्या करारात, मात्र ख्रिस्ती माणसावर असा टक्का बसवलेला नाही. 'जसं मनात ठरवलं असेल तसं द्या, कुरकुरत नको, संतोषाने देणारा देवाला आवडतो', असं पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो. हनन्या आणि सप्पीरा या जोडप्याने जमीन विकली, थोडे पैसे मागे ठेवले आणि सगळे दिल्याचं भासवलं. तिथेही येशूचा शिष्य पेत्र म्हणतो, विकण्याआधी ती तुझीच नव्हती का, विकल्यावर पैसे तुझ्याच हातात नव्हते का? राग आला तो खोटेपणाचा. काही मंडळ्यांत दशमांशाचा आग्रह फार, काहींत कमी. आमच्याकडे ऐच्छिक आहे, आणि हिशेब सांगतो की बहुतेकांचं दहाच्या बरंच खाली असतं.

पण टक्क्यांचं गणित सगळ्यांना सारखं लागत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडात मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणारे जॉन वेस्ली यांचा हिशेब मला आवडतो. वर्षाला 30 पौंड मिळत तेव्हा 28 मध्ये भागवून 2 दिले. पुढच्या वर्षी 60 मिळाले, तरी खर्च 28, दिले 32. नंतर 90 झाले, दिले 62. कमाई वाढली म्हणून राहणी वाढवली नाही. लाखभर पगार घेणाऱ्याने दहा हजार देऊन छाती फुगवू नये, हे त्यातून मला कळतं.

दुसरं टोक आमच्याच मंडळीतलं. दसरा झाला की आमच्यातली काही घरं ऊसतोडीला जातात. मुकादम कोयत्यामागे उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो, कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातला एक जण जाण्याआधी पाळक साहेबांकडे आला, पाच हजार टेबलावर ठेवले आणि म्हणाला, "साहेब, पन्नास हजार उचल भेटली, त्यातला देवाचा वाटा." मी पावतीपुस्तक उघडलंच होतं. पाळक साहेबांनी नोटा उचलून त्याच्या शर्टाच्या खिशात कोंबल्या. "बाबा, ही उचल हाय. आजून एक मोळी बांधली नाहीस तू. कर्जातला दशमांश काढीत नसतेत. उचल फिटू दे, हातात काही उरलं तर ये." तो नाराज झाला, देवाला दिल्याशिवाय निघालो तर फडात काही व्हायचं, ही भीती होती. शेवटी प्रार्थना करून गेला. पैसे घेतले नाहीत म्हणून कमिटीतल्या दोघांनी नंतर कुरकुर केली, ती वेगळी.

मला विचाराल तर बायबलचं पैशाबद्दलचं म्हणणं इथेच आहे: आधी देणं चुकतं करा, दान मग. नव्या करारातल्या याकोबाच्या पत्रात श्रीमंतांना झापलंय ते दान देत नाहीत म्हणून नाही. तुमची शेतं कापणाऱ्यांची जी मजुरी तुम्ही अडकवून ठेवली ती ओरडतेय, असं तो लिहितो. जुन्या करारातल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकात आज्ञा आहे की गरीब मजुराची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्या. जक्कय नावाचा जकातदार येशूला म्हणतो, अर्धी मालमत्ता गरिबांना देतो, आणि त्याच दमात, कोणाचं फसवून घेतलं असेल तर चौपट परत करतो. उपदेशात अर्ध्या मालमत्तेचं कौतुक होतं, चौपटीचं राहून जातं. घरकामाच्या बाईची पगारी सुट्टी कापून चर्चला पंखे देणारे लोक मी पाहिलेत. पंख्यावर नाव येतं, बाईचं कुठे येत नाही.

महागड्या गाडीच्या प्रचारकाबद्दल. 'हजार पेरा, लाख कापा' हे त्यांचं आवडतं वाक्य, आणि आधार म्हणून पौलाचंच 'जो हात राखून पेरतो तो त्याच मानाने कापणी करील' हे वचन देतात. मी बियाणं विकतो. पिशवीवर उगवणशक्ती छापलेली असते, तरी पाऊस पडेल याची हमी आम्ही देत नाही. हे लोक देतात. पौल तिथे कशाबद्दल बोलतोय ते बघा: यरुशलेमेतल्या गरिबांसाठी वर्गणी गोळा होत होती, आणि स्वतः कमालीच्या दारिद्र्यात असलेल्या मासेदोनियाच्या लोकांनी ऐपतीबाहेर दिलं होतं. ते लखपती झाले असं तो कुठेही लिहीत नाही. उलट एवढी रक्कम हाताळताना कोणी बोट दाखवू नये म्हणून तीत या सहकाऱ्याबरोबर मंडळीतले आणखी दोन भाऊ पाठवतो. आमच्या खात्यावर दोन सह्या लागतात, त्याचं मूळ मी तिथे शोधतो.

सगळं सोडून देण्याची परंपराही आहे. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा संघ सुरू केला. त्यांच्या हातात पैसा टिकत नसे, ते त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी स्वतः लिहून ठेवलंय, आणि हसतहसत वाचताना माझ्या मनात येतं की त्यागाचं बिल घरातल्या बाईच्या नावावर फाटतं.

आमच्याकडची देण्याची रीत बघायची असेल तर तुरी निघाल्यावर, उपकारस्तुतीच्या रविवारी या. घरोघरचा माल वेदीपुढे ठेवतात: ज्वारीची कणसं, भोपळे, गुळाची ढेप, पाय बांधलेली गावरान कोंबडी. उपासना संपली की अंगणात लिलाव. कोंबडी एकाने घ्यायची, परत दान करायची, दुसऱ्याने बोली लावायची. एकच कोंबडी चार-पाचदा विकली जाते आणि शेवटी कोणाच्या तरी रश्श्यात जाते. गेल्या वेळी एका म्हातारीने मापटंभर तूर आणली, लोकांच्या शेतातला सरवा वेचून जमवलेली. शेतमालकाने कडाकोपरा कापू नये, पडलेलं वेचू नये, ते गरिबासाठी सोडावं, असं जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकात आहेच. जुन्या करारातली गरीब विधवा रूथ अशीच बवाज नावाच्या शेतमालकाच्या शेतात वेचत होती. लोकांनी भावनेच्या भरात बोली पाचशेवर नेली. म्हातारी उठून उभी राहिली. "मोंढ्यात काय भाव हाय? त्याच भावानं घ्या. मी दान द्यायला आले, घ्यायला नाही." बोली लावणाऱ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली. शेवटी मोंढ्याच्या भावाने हिशेब केला आणि पावती तिच्या नावाने फाडली.

लिलावाला शेजारचे हिंदू-मुसलमानही बोली लावतात, तुम्हीही लावू शकता. फक्त रोख आणा. बोली लावून 'नंतर देतो' म्हणणाऱ्यांची यादी माझ्याकडे असते, आणि ती वसूल करता करता पाडवा उजाडतो.