गेमला गुण देणारा मुलगा आणि कॉमर्सची अकरावी

प्रश्न : आम्ही ऐरोलीला राहतो. माझा मुलगा अकरावी कॉमर्सला आहे. अ‍ॅक्शन आणि रोल-प्लेइंग गेम खेळून झाले की तो वहीत प्रत्येक गेमला ‘कथा’ आणि ‘गेमप्ले’ (म्हणजे प्रत्यक्ष खेळणे कसे आहे) असे वेगवेगळे गुण देतो आणि पुढे हेच काम करायचे म्हणतो. वहीची काही पाने सोबत जोडली आहेत. यात करिअर होऊ शकते का? त्यासाठी तो नव्वद हजारांचा लॅपटॉप मागतो आहे, तो घेऊन द्यावा का?

उत्तर : सप्रेम नमस्कार. आपण पाठवलेली पाने मी दोनदा वाचली. माझे स्पष्ट मत असे, की त्यातले गुण हा त्या वहीचा सर्वांत कच्चा भाग आहे. मात्र ‘हेडीस’ या गेमला कथेसाठी ९ आणि गेमप्लेसाठी १० गुण देऊन झाल्यावर समासात बारीक अक्षरात आपल्या मुलाने एक वाक्य लिहिले आहे : ‘मरून घरी आलो की हिप्नॉस कोणी मारले ते वाचून दाखवतो, म्हणून मरायचा राग येत नाही.’ मी हे उत्तर लिहायला बसलो ते या वाक्यामुळे.

२०२० साली पूर्ण स्वरूपात आलेल्या या गेममध्ये पाताळाचा राजपुत्र झॅग्रियस बापाच्या घरातून पळून जाऊ पाहतो, वाटेत मारला जातो आणि रक्ताच्या कुंडातून पुन्हा त्याच घरात वर येतो, जिथे हिप्नॉससारख्या घरातल्या कोणाकडे ना कोणाकडे त्याला सांगण्यासारखे काही नवे असते. इतर बहुतेक गेममध्ये मरणे म्हणजे शिक्षा, मागे जाऊन तेच पुन्हा खेळणे. इथे मात्र खेळणाऱ्याच्या हातून चूक झाली की कथा एक पाऊल पुढे सरकते. कथा आणि गेमप्ले यांचा सांधा नेमका कुठे आहे, हे सोळाव्या वर्षी आपल्या मुलाला दिसले आणि पुढच्याच पानावर तो पुन्हा दोन रकाने आखून बसला. गडकरी रंगायतनातल्या प्रयोगाचे परीक्षण कोणी ‘संहिता ८, अभिनय ९’ एवढ्यावर संपवले, तर कोणताही संपादक ते परत पाठवील.

‘विचर ३’च्या कथेला त्याने साडेनऊ गुण दिले आहेत. ब्लडी बॅरनच्या प्रकरणापुरते ते मला मान्य आहेत : दारूच्या आहारी जाऊन बायकोला मारहाण करणारा एक सरदार बेपत्ता बायको-मुलीचा शोध नायकावर सोपवतो आणि खेळणाऱ्याला त्या माणसाचा धड तिरस्कारही करता येत नाही, धड त्याला माफही करता येत नाही. पण मुख्य कथेत मुलीसारख्या सिरीच्या जिवावर बेतलेले असताना हाच नायक गावोगावच्या खानावळींत ग्वेंटचे पत्ते कुटत बसू शकतो, हे कोणत्या रकान्यात टाकायचे? कथा चांगली, पत्त्यांचा डावही चांगला (मला तर फारच आवडतो), आणि तरीही दोघांचे एकमेकांशी जुळत नाही. २००७ साली क्लिंट हॉकिंग यांनी ‘बायोशॉक’वर लिहिताना याच जातीच्या विसंगतीवर बोट ठेवले होते. त्या गेममध्ये स्वतःचा फायदा बघायचा की नाही याची निवड खेळताना करता येते, कथा मात्र दुसऱ्याला मदत करण्यावाचून पर्यायच ठेवत नाही, असा त्यांचा आक्षेप होता. हॉकिंग स्वतः गेम डिझायनर होते, हे आपण मुद्दाम लक्षात घ्यावे. या क्षेत्रात परीक्षण करणारा आणि गेम घडवणारा यांच्यात फार उंच भिंत नाही.

‘डार्क सोल्स’च्या कथेला ५ गुण दिसले. त्यातल्या तलवारी-अंगठ्यांची वर्णने त्याने वाचली होती का, एवढे विचारा. त्या गेमची निम्मीअधिक कथा तिथेच दडवलेली आहे.

आता व्यवहाराचे बोलू. केवळ मराठीतून गेमची परीक्षणे लिहून घर चालेल, असे आश्वासन मी देणार नाही. मात्र ही नजर गेम डिझाइन, नॅरेटिव्ह डिझाइन (खेळता खेळता कथा कशी उलगडेल ते ठरवणे) आणि टेस्टिंग या कामांत लागते. टेस्टिंग म्हणजे दिवसभर खेळण्याचा पगार, हा गैरसमज त्याने आधीच काढून टाकावा; एकच दार शंभर प्रकारे उघडून पाहायचे आणि ते कोणत्या वेळी अडकले हे बिनचूक लिहायचे, असे ते काम असते. आपल्याकडेही गेम घडतात. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ २०२० मध्ये आला. भावाला सोडवायला निघालेल्या मुलीच्या त्या गेमवर त्याने गुण न देता चारशे शब्द लिहावेत.

कॉमर्स सोडण्याची गरज नाही. आयआयटी मुंबईतर्फे घेतली जाणारी यूसीड ही डिझाइनची प्रवेशपरीक्षा कोणत्याही शाखेच्या बारावीच्या विद्यार्थ्याला देता येते. चित्रकला आणि निरीक्षण यांची तयारी मात्र आतापासून हवी. पदवीनंतर एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बेंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. ठाणे-वाशीच्या स्टेशनांबाहेर गेमिंगच्या खासगी कोर्सचे फलक दिसतात. तिथे पैसे भरण्यापूर्वी गेल्या वर्षीच्या विद्यार्थ्यांनी केलेले गेम दाखवायला सांगा आणि मुलाला ते तिथेच बसून खेळू द्या.

‘विचर ३’ला युरोपात अठरा वर्षांवरील वयाचे मानांकन आहे, हेही आपल्याला ठाऊक असावे. मी बंदी सुचवत नाही. बॅरनचे प्रकरण एकदा त्याच्या शेजारी बसून पाहा.

लॅपटॉप आत्ता घेऊ नका. ट्वाइन नावाचे मोफत साधन घरातल्या साध्या संगणकावर, ब्राउझरमध्येच चालते. प्रसंगांच्या चौकटी एकमेकींना जोडत गेले की वाचणाऱ्याच्या निवडीप्रमाणे वळणारी गोष्ट तयार होते. ठाण्याहून ऐरोलीला जाणारी शेवटची लोकल चुकलेल्या मुलाची गोष्ट त्याने दिवाळीपर्यंत त्यात रचावी, आणि प्रत्येक निवडीमुळे पुढे खरोखर काहीतरी बदलेल हे पाहावे. ती पुरी झाली आणि घरातल्या संगणकाचे पुढे काय अडते हे त्याला नेमके सांगता आले, की मग लॅपटॉपच्या किमतीबद्दल मला पुन्हा लिहा.