पाटीवरची सरस्वती

चिनू,

काल झोपताना तू विचारलंस, "आई, अथीनाला आता कोणी फुलं वाहत नाही. सरस्वतीपण एक दिवस नुसती गोष्टीच्या पुस्तकात जाईल का?" मी "झोप आता" म्हणून दिवा मालवला. मला मात्र झोप लागली नाही.

तुमच्या वर्गात ग्रीसच्या जुन्या देवांच्या गोष्टी सुरू झाल्यापासून घरात झ्यूसचाच बोलबाला आहे. असू दे. मलाही देव शाळेतच भेटले. आज्जीच्या देवघरात होते की, पण तिथे सगळं सोवळ्यातलं, "हात लावू नकोस" वालं. ठाण्याच्या शाळेत मात्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी पाटीपूजन असायचं. आजोबा जांभळी नाक्यावरून झेंडू आणायचे. मी पाटी कोळशाने घासून काळीभोर करायचे आणि तिच्यावर एकचे आकडे जोडत जोडत सरस्वती काढायचे. चेहरा नाही, वीणा नाही, नुसते एक. वर्गात चाळीस पाट्या, चाळीस सरस्वत्या. कुणाची लठ्ठ, कुणाची कललेली, माझी तर कायम पाटीबाहेर चाललेली. बाईंनी एकीलाही चूक म्हटलं नाही. देव पुष्कळ असू शकतात, हे मला तिथेच पटलं असावं.

दुसऱ्या दिवशी घरी आजोबांचे पाने-पक्कड आणि आज्जीचं शिलाई मशीन पूजेला. विद्या, भाला आणि विणकाम, तिन्ही अथीनाकडेच असतं असं तू सांगितलंस, तेव्हा मला आमचा दसराच आठवला.

पण एक सांगायचं राहिलं. माझ्या बाकावरची मुलगी दुसऱ्या धर्माची होती. तिचं अक्षर वर्गात सगळ्यात सुंदर, म्हणून अर्ध्या वर्गाच्या सरस्वत्या तीच काढून द्यायची. आरतीला मागे उभी राहायची. तिला काय वाटतं हे कुणी विचारलं नाही. मीही नाही. पूर्ण सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्म शिकवता येत नाही, असं संविधानाचं २८ वं कलम सांगतं, हे मी कॉलेजात वाचलं. आमची शाळा त्यात बसते की नाही कोण जाणे. पाटीपूजनाला कुणी धर्म म्हणतच नव्हतं. गेल्या डिसेंबरात तू नाताळच्या नाटकात मेंढी झालीस, तेव्हा ती मुलगी मला इतक्या वर्षांनी नीट आठवली.

कोपरखैरण्याचा मामा येताना पाटी आणतोय. पूजा कर असं म्हणत नाही मी. एक काढून बघ. त्याचं अथीनाचं लाडकं घुबड झालं तरी चालेल.

आई