गोव्यातल्या कौलारू घरात लाकूड-करवंटी दोन्हीवर चालणारी बिडाची शेगडी बसवायची आहे. कोणती घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की डिचोलीकडचं जुनं घर दुरुस्त करताय, स्वयंपाकाला आणि न्हाणीच्या पाण्याला शेगडी हवी आहे, आणि धुराच्या पाइपाचं काय ते मेस्त (मिस्त्री) बघून घेईल. या शेवटच्या वाक्यासाठी हे उत्तर लिहितोय. शेगडी कोणतीही घ्या, पाइप मेस्तावर सोडू नका.

फोंडा तालुक्यातल्या एका घरातलं काम सांगतो. शेगडी उत्तम होती, दार घट्ट, जाळी जाड. पण पाइपाच्या प्रत्येक सांध्याखाली भिंतीवर काळे ओघळ. काकवीसारखे दाट, बोटाला चिकटणारे, चुन्यात मुरलेले. रंग काढला की आठवड्याभरात पुन्हा वर यायचे. घरच्यांना वाटलं कौल गळतंय, म्हणून चतुर्थीआधी दोनदा शाकारूनही झालं.

कौल गळत नव्हतं. पाइप उलटे जोडले होते: प्रत्येक ठिकाणी खालच्या पाइपाचं तोंड वरच्याच्या आत. मेस्ताचं म्हणणं असं की धूर वर चढतो, वरचा पाइप खालच्यात घातला तर सांध्यातून धूर घरात येणार. हे मी डझनभर मेस्तांकडून ऐकलंय आणि ते चूक आहे. चिमणी ओढत असते तेव्हा पाइपाच्या आतला दाब खोलीतल्या दाबापेक्षा कमी असतो. सांध्याला फट राहिली तर खोलीतली हवा आत जाते, धूर बाहेर येत नाही. सांध्यातून धूर येत असेल तर चिमणी ओढत नाही, हा त्याचा अर्थ. भिंतीवरचे काळे ओघळ म्हणजे धुरातलं डांबर, आणि ते मात्र द्रव आहे. धूर पाइपात थंड झाला की त्यातली वाफ आणि डांबर आतून निथळत खाली येतं. वरचा पाइप खालच्याच्या आत असेल तर ते आतल्या आत शेगडीत उतरून जळून जातं, उलटा असेल तर सांध्यातून भिंतीवर येतं. मेस्ताची जोडणी एकाच जागी बरी ठरली असती: कौलांच्या वर, कारण तिथे वरचा पाइप खालच्यात घातला तर पावसाचं पाणी बाहेरून सांध्यात शिरतं. म्हणून कौलांच्या वर सांधा ठेवायचाच नाही, तिथे एकसंध तुकडा लावायचा.

त्या घरात एवढ्यावर भागलं नाही. पाइप शेगडीतून निघून काटकोनात भिंतीबाहेर गेलेला, तिथून पुन्हा काटकोनात वर, आणि पूर्वेच्या पाखीशी वळचणीच्या जेमतेम वर संपलेला. पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येकडून येतो, आढं ओलांडून पूर्वेच्या पाखीवर खाली कोसळतो आणि धूर परत पाइपात ढकलतो. बाहेरचा पाइप पावसाने भिजून थंड, म्हणजे आत डांबर आणखी साचणार.

दुरुस्ती अशी केली. भिंतीतलं भोक बंद करून पाइप घरातूनच सरळ वर नेला. वासा चुकवायला वळण लागलं तिथे दोन ४५ अंशांची बेंडं, काटकोन एकही नाही. व्यास शेगडीच्या तोंडाइतकाच, ६ इंच. रेड्यूसर लावून तो कुठेही कमी करायचा नाही. शेगडीपासून टोकापर्यंत किमान १५ फूट उंची, आणि पाइप आढ्याजवळून निघत असेल तर आढ्याच्या वर २ फूट. सांध्यात फायर सिमेंट आणि काचतंतूची दोरी. खाली झाकण असलेला टी (T आकाराचा जोड), म्हणजे काजळी काढताना सगळं उतरवावं लागत नाही. साध्या एकेरी पाइपापासून वासे आणि रिपा व्यासाच्या तिप्पट लांब, म्हणजे १८ इंच. जुन्या घरात एवढी जागा मिळत नाही, तेव्हा छतातून जाणारा तुकडा आणि त्यावरचा सगळा पाइप इन्सुलेशनवाला दुहेरी घ्यायचा आणि लाकडापासून निदान अडीच इंच मोकळं सोडायचं. वर्षानुवर्षं तापून कोरडं झालेलं लाकूड कमी उष्णतेवरही पेटतं. कौलातून पाइप काढताना भोकाभोवती बसवायच्या पत्र्याची वरची कड वरच्या ओळीच्या कौलांखाली आणि खालची कड खालच्या ओळीच्या वर. उलट केलंत तर पहिल्याच पावसात कळेल.

पाइप जीआयचा, म्हणजे जस्ताचा थर दिलेल्या लोखंडाचा, घेऊ नका. जस्त ४२० अंशांना वितळतं, त्याची वाफ छातीला वाईट, शिवाय समुद्राच्या हवेत तो पाइप लवकर सडतो. शेगडीला लागून २ मिमी जाड पोलादी किंवा स्टेनलेस पाइप. किनाऱ्याजवळ घर असेल तर ३०४ पेक्षा ३१६ प्रतीचं स्टेनलेस बरं. जुना ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पाइप पडून असेल तर तोही नको. तापून तडकतो, आणि धूळ फुप्फुसात जाते.

आता शेगडी. खोली गरम करायला काचेच्या दाराची आयात शेगडी गोव्यात घेण्यात अर्थ नाही. स्वयंपाकाला वर सपाट तवा असलेली घ्या, पाण्याला मागे टाकी असलेली. दार तपासायचं तर कागदाची पट्टी धरून बंद करा, पट्टी सहज ओढली गेली तर दाराच्या कडेची दोरी नीट बसलेली नाही. लाकूड राखेच्या थरावर, वरून हवा देऊन चांगलं जळतं. करवंट्यांना जाळी आणि खालून हवा लागते, म्हणून वरच्या आणि खालच्या हवेच्या झडपा वेगळ्या हव्यात. करवंट्यांची आच फार, एका वेळी आठ-दहाच टाका, नाहीतर जाळी वाकते. सोडणं (नारळाची वरची सालं) धूर करतात, पेटवण्यापुरती चालतील. त्यापेक्षा माडाची सुकी पोय (फुलोऱ्यावरचं आवरण) बरी. कारखान्यातल्या काजूच्या टरफलांना हातही लावू नका. त्यांचं तेल धुरातून डोळ्यांना आणि घशाला झोंबतं आणि चिमणीत साचतं. किनाऱ्यावर वाहून आलेलं लाकूडही नको, त्यातलं मीठ लोखंड खातं.

अकेशियाची फोड मिळाली तर घ्या, पण डिसेंबर-जानेवारीत फोडून ठेवा आणि पावसाआधी छपराखाली आणा. ओल २० टक्क्यांच्या खाली हवी. ताज्या लाकडाचं जवळजवळ निम्मं वजन पाणीच असतं, आणि कसाही नीट पाइप लावा, ते डांबरच करणार.

राहिलं ते: त्याच स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन असेल तर तो चिमणीतला धूर उलटा खेचतो. फॅन लावा, दारंखिडक्या बंद करा, शेगडीच्या दाराशी उदबत्ती धरा. धूर आत ओढला जात नसेल तर बाहेरची हवा आणायला भिंतीत कायमचा झरोका हवा. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, त्याचा अलार्म लावाच. गॅसचा सिलिंडर बाहेर. आणि जळणासाठी स्वतःच्याच कुळागरातलं (माड-पोफळीच्या बागेतलं) झाड तोडणार असाल तर १९८४ च्या वृक्षसंरक्षण कायद्याखाली आधी वनखात्याची परवानगी घ्या.