जुने टायर नवे म्हणून विकले: दोन वर्षे कधीपासून मोजायची?

लातूरच्या एका वाचकांचा प्रश्न असा आहे: "माझ्याकडे पोर्शे 718 केमन ही दोन आसनी गाडी आहे. 12 सप्टेंबर 2023 रोजी छत्रपती संभाजीनगरच्या एका विक्रेत्याकडून चार नवे टायर 1,84,000 रुपयांना बसवून घेतले. जानेवारी 2024 मध्ये चाकांच्या अलाइनमेंटच्या वेळी चारही टायरांवर 1118 हा आकडा दिसला, म्हणजे ते 2018 चे निघाले. पुढे मागच्या एका टायरला फुगा आला. टायर कंपनीने पाहणी करून 20 नोव्हेंबर 2024 च्या ई-मेलने दावा नाकारला. आता विक्रेता म्हणतो की जुने टायर जमा करा, नव्यांवर वीस टक्के सूट देतो, आणि चारही चाकांना एकच माप घ्या. कंपनीच्या ई-मेलपासून दोन वर्षे, म्हणजे नोव्हेंबर 2026 पर्यंत माझ्या हातात वेळ आहे ना? आणि टायर कोणते घ्यावेत?"

नाही. ऑगस्ट 2025 सुरू झाला असताना माझ्या हिशेबाने आपल्या हातात सहा आठवडेही उरलेले नाहीत. न उगवलेल्या सोयाबीन बियाण्यापासून नादुरुस्त ट्रॅक्टरपर्यंतच्या तक्रारींत हाच गैरसमज माझ्याकडे वारंवार येतो: समोरच्याचे शेवटचे उत्तर ज्या दिवशी आले, त्या दिवसापासून मुदत मोजायची. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 मध्ये पत्रव्यवहाराचा उल्लेख नाही. वादकारण, म्हणजे ज्या घटनेमुळे तक्रारीचा हक्क मिळतो ती, घडल्यापासून दोन वर्षे, एवढीच मुदत ते कलम देते. सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये एका विमा दाव्याच्या प्रकरणात स्पष्ट केले की नोटिशीला कंपनीने उत्तर दिल्यामुळे संपत आलेली किंवा संपलेली मुदत वाढत नाही. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका निकालात न्यायालयाने असेही म्हटले की गैरअर्जदाराने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने, मुदतीची हरकत घेतली नाही तरी ग्राहक आयोगाने ती स्वतःहून तपासलीच पाहिजे. त्यामुळे समोरचा वकील हा मुद्दा विसरेल, या आशेलाही अर्थ नाही.

मग आपले वादकारण कधी घडले? ते आपण तक्रार कोणत्या पायावर उभी करता यावर अवलंबून आहे, आणि आपल्या प्रकरणाची खरी अडचण इथेच आहे. फुग्याची तक्रार आपल्याला मोठी वाटते, पण ती दुबळी आहे. टायरच्या बाजूला फुगा आला की खड्ड्यात आपटून आतले धागे तुटले, हे कंपनीचे उत्तर ठरलेले असते, आणि अंबाजोगाई-केज-बीड मार्गे नेहमी ये-जा करणाऱ्या मालकाला ते खोडून काढणे सोपे नाही. त्यासाठी कलम 38 खाली टायर सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवावा लागेल आणि चाचणीचे शुल्क प्रथम आपल्यालाच भरावे लागेल. कायदा अशा तक्रारीचा निकाल पाच महिन्यांत लावण्याची अपेक्षा ठेवतो, पण आयोगांसमोरच्या तारखा ज्यांनी मोजल्या आहेत त्यांनी त्या पाच महिन्यांवर विसंबू नये.

भक्कम पाया वेगळा आहे. जुना माल नवा म्हणून विकणे ही कलम 2(47) नुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे, आणि ती सिद्ध करायला प्रयोगशाळा लागत नाही. टायरवरच्या चार अंकांपैकी पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात. 1118 म्हणजे 2018 चा अकरावा आठवडा, म्हणजे विक्रीच्या दिवशी माल साडेपाच वर्षांचा होता. जून 2020 मध्ये केंद्र सरकारने नव्या टायरांची आयात निर्बंधित केली, त्यानंतर कोणाच्या तरी गोदामात पडून राहिलेला साठा आपल्याला दिला गेला असावा. साडेपाच वर्षांचा न वापरलेला टायर सदोष असतोच, असे मी म्हणणार नाही, आणि विक्रेता तसा बचाव नक्की घेईल. पण वय लपवून नव्याची किंमत घेतली, हा आक्षेप त्या बचावाने संपत नाही.

मात्र हा भक्कम पाया निवडला की घड्याळ विक्रीच्या दिवशीच सुरू झाले असे धरावे लागते, कारण फसवणूक त्याच दिवशी पूर्ण झाली. त्या हिशेबाने शेवटची तारीख 12 सप्टेंबर 2025 आहे. आकडा जानेवारी 2024 मध्ये कळला म्हणून मुदत तेव्हापासून धरावी, असा युक्तिवाद करता येईल. पूर्ण आकडा टायरच्या एकाच बाजूवर कोरलेला असतो आणि ती बाजू आत गेली तर गाडी उचलल्याशिवाय तो दिसत नाही, त्यामुळे तो युक्तिवाद पोकळ नाही. तो मान्य होईलही. परंतु आकडे बाहेरच्या बाजूला होते असे निघाले तर आयोग विचारेल की चार महिने आपण काय पाहत होता, आणि त्याचे उत्तर माझ्याकडे नाही. पुरेसे कारण दाखवून विलंब माफ करून घेण्याची सोय कलम 69 मध्ये आहे, पण वेळ हातात असताना त्या सोयीवर भिस्त ठेवू नये. गौरी-गणपतीच्या आधी तक्रार दाखल करा.

आता आपण पाठवलेल्या बिलाबद्दल थोडे कडक बोलणे भाग आहे. पावणेदोन लाखांहून अधिक रक्कम मोजून आपण "टायर 4 नग" एवढ्याच मजकुराचे बिल घेतलेत, त्यावर माप नाही, क्रमांक नाही, आणि वर आपल्या फर्मचा जीएसटी क्रमांक टाकून घेतलात. हे टायर आमचे नाहीतच, असे विक्रेता उद्या म्हणू शकतो. आपल्याला वाचवणारा कागद म्हणजे ज्याच्यावर आपण चिडला आहात तो कंपनीचा ई-मेल. त्याच्यासोबतच्या पाहणी अहवालात टायरांचे क्रमांक नोंदले असतील तर तोच अहवाल तक्रारीला जोडा आणि कंपनी व विक्रेता या दोघांनाही गैरअर्जदार करा. जीएसटी क्रमांकामुळे खरेदी व्यापारी प्रयोजनासाठी होती, म्हणून आपण कायद्याने ग्राहकच नाही, अशी हरकत येईल. व्यवहाराचा प्रमुख हेतू काय हे पाहावे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये म्हटले आहे. गाडी आपल्या व्यक्तिगत नावावर असेल तर ही हरकत टिकणे मला कठीण वाटते, पण ती फर्मच्या नावावर असेल तर निकालाची खात्री मी देणार नाही.

तक्रारीसाठी संभाजीनगरला जाण्याची गरज नाही. कलम 34 नुसार आपण राहता त्या लातूरच्या जिल्हा आयोगात ती चालेल, ई-जागृती संकेतस्थळावरून दाखल करता येईल, आणि मोबदला, म्हणजे आपण मोजलेली किंमत, पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क लागणार नाही.

वीस टक्के सूट घेऊ नका. जुने टायर परत गेले की 1118 हा आकडाही गेला, आणि पावतीवर "आता काही तक्रार नाही" असे वाक्य छापलेले असेल तर बाकीचेही गेले. चारही टायर चाकांवरून उतरवून कोरड्या जागी ठेवा, प्रत्येकाचा आकडा स्पष्ट दिसेल असे फोटो काढा, आणि टायर देण्यास नकार असल्याचे विक्रेत्याला स्पीड पोस्टाने कळवा. पुरावा जपायचा म्हणून फुगा आलेल्या टायरवर गाडी मात्र चालवू नका. नेहमीच्या विमा पॉलिसीत फक्त टायरचे नुकसान भरून मिळत नाही, गाडीचेही त्याच वेळी नुकसान झाले तरच टायरच्या किमतीच्या निम्मी रक्कम मिळते, आणि गाडी सुस्थितीत ठेवण्याची अट मोडली असे म्हणायला विमा कंपनीला फुगलेला टायर पुरेसा होईल.

नव्या टायरांबाबत निवड गाडीच्या पुस्तिकेने आधीच केलेली आहे. या गाडीच्या 18 इंची चाकांना पुढे 235/45 आणि मागे 265/45 असे माप लागते. पुढची व मागची रिम वेगवेगळ्या रुंदीची असल्यामुळे चारही सारखे टायर बसवण्याचा सल्ला विक्रेत्याच्या सोयीचा आहे. आपल्या गाडीला 19 किंवा 20 इंची चाके असतील तर दाराच्या चौकटीवरची पट्टी पाहा. पोर्शेने मान्य केलेल्या टायरवर एन हे अक्षर आणि एक अंक असतो, मिळाले तर तेच घ्या. समृद्धी महामार्गावरही वेगमर्यादा ताशी 120 किलोमीटर असताना ताशी 300 किलोमीटर वेगासाठीच्या वाय दर्जाच्या टायरचे पैसे का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. पण उत्पादकाने ठरवलेल्यापेक्षा कमी दर्जाचा टायर लावून अपघात झाला तर विमा कंपनीला वादाचे एक कारण आपणच दिलेले असेल. यावेळी बिलावर माप, भारांक (टायर किती वजन पेलतो तो आकडा), वेगदर्जा आणि प्रत्येक टायरचा चार अंकी आकडा लिहून घ्या, आणि विक्रेता ते लिहायला तयार नसेल तर दुसरे दुकान गाठा. नव्या टायरांचे बिलही जपून ठेवा, कारण भरपाईची रक्कम ठरवताना ते उपयोगी पडेल.